इर्जिकीचा बी. ए.

"गावातनं निगताना साहेब, आन् फाटकापाशी आला की बैरागी! बघ बघ, काडली पायताणं!"

रेल्वेच्या गेटमनची बायको एका मोळीवालीला हे सांगत होती. मालगाडी यायची होती, फाटक बंद होतं, आणि शाळेतून घरी निघालेली मी दप्तर छातीशी धरून त्या दोघींच्या मागे उभी होते. फाटकापलीकडे एका दगडावर बसून एक उंच, सावळा तरुण पायांतले बूट काढत होता. धोतर, काळा कोट, काळी टोपी. बूटही काळेच, नाड्यांचे, चकचकीत. त्याने ते एकमेकांवर आपटून धूळ झाडली, पिशवीत ठेवले, पायांची बोटं मोकळी केली आणि स्वतःशीच हसला. खेड्यातली माणसं शहरात शिरताना जोडे पायात घालतात. हा लोणावळ्यात शिरताना ते काढत होता.

"कोन गं त्यो?" मोळीवालीने विचारलं.

"बीए हाय. पवनेकडचा."

"आन् करतो काय?"

"काय न्हाई. बीए हाय म्हनलं न्हवं!"

दोघी खिदळल्या. मलाही हसू आलं, पण ते मी गिळलं. त्या वयात मी बहुतेक गोष्टी गिळतच असे.

दुसऱ्या दिवशी तोच तरुण आमच्या ओसरीवर अनवाणी बसला होता आणि अण्णा मला म्हणत होते, "हे सखाराम मास्तर. तुला मराठी शिकवतील."

माझे वडील, म्हणजे अण्णा, लोणावळा स्टेशनवर पार्सल ऑफिसात हेडक्लार्क होते. मुलीला इंग्रजी साहेबासारखं यावं ही त्यांची हौस, म्हणून त्यांनी मला कॉन्व्हेंटात घातलं होतं. इंग्रजी आलं. मराठी मात्र घरात बोलण्यापुरतीच राहिली. चार ओळी लिहायच्या म्हटल्या तर टाक पुढे सरकत नसे. आता मॅट्रिकला मराठीचा पेपर होता, आणि मदर सुपीरियरनी अण्णांना बोलावून सांगितलं होतं की मुलगी बाकी सगळ्यात उत्तम आहे, स्वतःच्या भाषेत नापास होईल.

मॅट्रिकच्या पुढे काय, याबद्दल घरात कोणी बोलत नसे. आईच्या मनात उन्हाळ्यानंतर स्थळं बघायची होती. मला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं. जे मागितलंच नाही ते कोणी नाकारू शकत नाही, असा माझा विचार होता. शिवाय अण्णांचं मत मला रोज रात्रीच्या जेवणात ऐकायला मिळे. ते मंदीचे दिवस होते. "माझ्या खिडकीशी रोज एक तरी ग्रॅज्युएट येऊन उभा राहतो," ते भात कालवता कालवता सांगत. "हातात सर्टिफिकिटांची गुंडाळी. साहेब, काहीही काम चालेल! अरे, काहीही चालणार होतं तर कॉलेजात कशाला गेलास, बाबा? मी मॅट्रिकवर लागलो, त्याच खुर्चीत बसून तुझ्याकडे बघतोय." सखाराम मास्तर त्यांना या खिडकीतूनच सापडले होते. "नोकरी नाही देता येत, पण शिकवणी आहे," असं अण्णा म्हणाले, आणि मास्तर म्हणाले, "चालेल. तोवर वाफ धरेल."

हे त्यांचं आवडतं वाक्य. भात शिजत आला की बायका झाकण ठेवून तो तसाच राहू देतात, त्याला वाफ धरणं म्हणतात, हे मला आईकडून कळलं. मास्तर ते नोकरीबद्दल वापरत. कोणी विचारलं, "काय मास्तर, लागलं का कुठे?" की ते हाताने झाकण ठेवल्यासारखं करत. "वाफ धरतेय. सारखं झाकण काढू नका, भात फडफडीत व्हायचा नाही."

त्यांची शिकवण्याची रीत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. पहिल्या दिवशी त्यांनी मला धडा वाचायला सांगितला. मी वाचला. ते माझ्यापासून हातभर अंतरावर होते, तरी त्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. ते रागावले नाहीत, 'मोठ्याने' असंही म्हणाले नाहीत. उठले, आपला स्टूल उचलला आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. उजवा हात कानामागे धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. मी पुन्हा वाचलं. मग मान डोलली.

पुढच्या आठवड्यात स्टूल पायऱ्यांवर गेला. मग अंगणात, तुळशीपाशी. नंतर विहिरीपाशी. प्रत्येक वेळी तसंच कानामागे हात, आणि तोंडाने एक शब्द नाही. मला वाचता वाचता रडू येई, पण शेजारीपाजारी बघतील म्हणून रडण्यापेक्षा वाचणं सोपं वाटे. आई ओट्याशी बसून गहू निवडायची. एकदा म्हणाली, "मास्तर, अशाने तुम्ही एक दिवस स्टेशनवर जाऊन बसाल."

"बसेन की, वहिनी," मास्तर विहिरीकडून ओरडले. "आवाज पोचला पाहिजे. आमच्या गावात या डोंगरावरून त्या डोंगराला निरोप देतात. 'म्हस याली रं' एवढंच सांगायचं असतं, पण ते खोरंभर ऐकू जातं. ताईंच्या पोटात तर केवढं आहे, आणि ओठाबाहेर येत नाही."

ते मला 'ताई' म्हणत, 'अहो-जाहो' करत. त्यांच्याहून इतक्या लहान मुलीला कोणी अहो-जाहो करावं याचं आईला हसू येई. मला मात्र ते आवडे.

लिहिण्याचंही तसंच. निबंधाच्या पुस्तकातला 'सूर्योदय' मी पाठ करून उतरवला, तेव्हा त्यांनी विचारलं, "ताई, आज सूर्य उगवताना तुम्ही काय करत होता?" मी म्हटलं, "वेणी घालून घेत होते." "मग वेणीचं लिहा. सूर्याचं सूर्य बघून घेईल." ती वेणीची दहा-बारा वाक्यं माझं पहिलं मराठी लेखन. त्यात किती चुका होत्या हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. चुकीच्या शब्दाखाली फक्त बारीक टिंब द्यायचे आणि म्हणायचे, "याला जरा विचारा, तो असाच उभा राहतो का."

बुटांचं कोडं आईने सोडवलं. एके दिवशी पावसाने रस्ता चिखल झाला होता, मास्तर दुधिवरे खिंड उतरून आलेले, पाय घोट्यापर्यंत माखलेले आणि बूट पिशवीत कोरडे ठणठणीत. आईने पाय धुवायला पाणी दिलं आणि राहवलं नाही म्हणून विचारलं, "मास्तर, बूट आहेत तर घालत का नाही हो?"

"चावतात, वहिनी," मास्तर म्हणाले.

"मग गावातून तरी कशाला घालून निघता?"

"ते बूट माझे नाहीत. गावाचे आहेत." मग पाय पुसता पुसता त्यांनी सगळं सांगितलं. मावळात इर्जिक म्हणून एक रीत आहे. एखाद्याच्या शेतात काम फार आणि हात कमी असले, की गाव एक दिवस ठरवतं. सगळे आपापले बैल, आपापली माणसं घेऊन त्याच्या शेतात उतरतात आणि काम उरकून टाकतात. मजुरी नाही. शेतवाल्याने त्या दिवशी सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, आणि उद्या दुसऱ्याची इर्जिक असली की आपण जायचं. मास्तरांच्या वडिलांना हे एकच मूल. मास्तर पुण्याला कॉलेजात गेले तर शेतावर कोण? तेव्हा गावाने ठरवलं, पोरगा शिकतोय तोवर दर साली याच्या शेतावर इर्जिक. चिखलणी, लावणी, कापणी, झोडणी, सगळं गाव करेल.

"म्हणजे माझी डिग्री इर्जिकीची," मास्तर म्हणाले. "परीक्षेला मी एकटा बसलो एवढंच. निकाल लागला तेव्हा गावाने वर्गणी काढून हे बूट घेतले. बीए अनवाणी हिंडतो हे त्यांना कसं बघवेल? म्हणून वेशीतून बाहेर पडेपर्यंत घालतोच, आणि चिखल नसला तर, खिंडीत गाववाले भेटतात म्हणून, फाटकापर्यंत घालतो. फाटकाच्या पुढे मला कोणी ओळखत नाही. तिथून पाय माझे."

आई हसली. मी त्या दिवशी वेणीऐवजी बुटांवर लिहिलं. मास्तरांनी ते वाचलं आणि एकाही शब्दाखाली टिंब दिलं नाही.

बुटांबरोबर गावाने आणखी एक गोष्ट केली होती. खुर्ची. बी. ए. म्हणजे आता मामलेदार, आणि मामलेदाराला बसायला खुर्ची लागणार, हा गावाचा सरळ हिशेब होता. सरकार मामलेदाराला खुर्ची देतं हे कोणाला माहीत नव्हतं. बैल ज्याचा, नांगर त्याचा, तशी ज्याची नोकरी त्याची खुर्ची, असं त्यांना वाटलं. रघू सुताराने फणसाच्या लाकडाची, हात असलेली, भक्कम खुर्ची केली. साहेब जितका मोठा तितकी खुर्ची उंच, म्हणून ती इतकी उंच केली की मास्तरांसारख्या उंच माणसाचेही पाय जमिनीला लागेनात. ती मारुतीच्या देवळात नेऊन ठेवली. मास्तर तिच्यावर बसले नाहीत. "नोकरी लागली की बसतो," एवढंच म्हणाले.

नोकरीसाठी त्यांनी काय केलं नाही? रेल्वेत अर्ज केला, तिथे म्हणाले ग्रॅज्युएट टिकत नाहीत, मॅट्रिक हवा. विजेच्या कारखान्यात गेले, तिथे विचारलं, तारा जोडता येतात का? एका मुंबईच्या शेठनी बंगल्यावर त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायला ठेवलं. उन्हाळा संपला, शेठ गेले, वर्तमानपत्र गेलं. प्रत्येक वेळी आमच्या ओसरीवर येऊन ते ही हकिकत अशी रंगवून सांगत की आई हसून हसून डोळे पुसायची. मी त्यांच्याकडे बघत असे. ते हसत तेव्हा त्यांचा डावा हात कोटाचं एकच बटण पुन्हा पुन्हा चाचपत असायचा.

शेवटी त्यांनी एक युक्ती केली. स्टेशनजवळ लाकूड आणि कोळशाच्या एका ठेकेदाराची वखार होती. तिथे वॅगनी भरताना माल मोजून घ्यायला माणूस हवा होता. मास्तरांनी कोट काढला, डोक्याला मुंडासं बांधलं आणि सांगितलं, "चौथी पास." लगेच लागले. खूश होते. "ताई, चौथीला भाव आहे," म्हणाले. "वर चढलो म्हणून घसरलो. आता खाली उतरलो, तर पायाखाली जमीन लागली."

पण मास्तरांना काम लागल्याची बातमी खिंडीपलीकडे गेली, आणि गावाला राहवेना. एके सकाळी धोंडिबा आबा, म्हणजे गावातले सगळ्यात वडीलधारे, आणि रघू सुतार, धुतलेली पागोटी घालून वखारीच्या दारात उभे राहिले. अण्णा मालधक्क्यावर होते, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं आणि त्या रात्री जेवताना आम्हाला सांगितलं.

आबांनी मुनिमाला रामराम केला. "आमचा बीए कुटं बसतो हो?"

"कोण बी. ए.?"

"सकाराम. आमच्या गावचा. बीए झालाय न्हवं त्यो पुन्याला! त्याची खुर्ची तयार हाय, गाडीत घालून आनायची. पर ह्यो सुतार म्हनतो, आदी जागा मापून घ्यावी. दारातनं जाईल का न्हाई?" आणि रघूने खरोखरच कमरेची दोरी सोडून दार मापायला घेतलं.

कोळशाच्या ढिगावर उभे असलेले मास्तर हे सगळं बघत होते. मुनीम एकदा त्यांच्याकडे, एकदा दोरीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बी. ए. होऊन माल मोजतोस? आज मोजशील, उद्या मजुरांना कायदे शिकवशील. चल, नीघ."

मास्तर खाली उतरले, हात धुतले, आबांच्या पायांना हात लावला आणि दोघांना घेऊन समोरच्या हॉटेलात गेले. चहा पाजला. भजी खाऊ घातली. अण्णाही मागोमाग जाऊन शेजारच्याच बाकावर बसले होते. आबा विचारत होते, "काय म्हनला रं तुजा साहेब? खुर्ची आनू का?" आणि मास्तर सांगत होते, "इथं जागा लहान आहे आबा. माझी बदली व्हायची आहे. मग आणू."

"त्यांच्यामुळे नोकरी गेली हे त्यांना कळूही दिलं नाही गड्याने," अण्णा म्हणाले. आणि मग, ताट सरकवत, "काय उपयोग त्या शिकण्याचा?"

हा प्रश्न त्यांनी काही दिवसांनी खुद्द मास्तरांनाच विचारला. मी आत धडा लिहीत होते, दार उघडं होतं. "मास्तर, स्पष्टच विचारतो. हिची मदर सुपीरियर म्हणते, मुलीला कॉलेजात घाला. तुम्ही जाऊन आलात. तुम्हीच सांगा, घालू का? तुम्ही नाही म्हणालात तर मला वाईट वाटणार नाही."

मी लिहायची थांबले. कॉलेजाचा विषय घरात निघाला होता, तो माझ्या वतीने दुसऱ्याच कोणी काढला होता, आणि आता त्याचा निकाल अशा माणसाकडे होता ज्याच्याजवळ हो म्हणायला काहीच पुरावा नव्हता.

मास्तरांनी बटण चाचपलं. "अण्णासाहेब, नोकरीसाठी घालायचं असेल तर मी छातीठोकपणे हो म्हणू शकत नाही. खोटं होईल ते. पण मी परत चौथी पास व्हायला तयार आहे का? तर नाही. त्या दिवशी मुंडासं बांधलं ना, तेव्हा कळलं. डोक्यावरून घेतलेलं उतरवता येतं, डोक्यातलं नाही उतरत, आणि मला ते उतरायला नकोही होतं."

"म्हणजे घालू?"

"मला का विचारता? मी हो म्हटलं तर ते माझं होईल, नाही म्हटलं तरी माझंच. ताईंना विचारा."

अण्णांनी हाक मारली. मी दारात आले. दोघं माझ्याकडे बघत होते. माझ्याजवळ शब्द होते, नेमके आणि पुरते, पण ते ओठाबाहेर आले नाहीत. मी मान खाली घालून उभी राहिले. अण्णा म्हणाले, "बघा. तिला काही विशेष नाही."  पुढच्या शिकवणीला मास्तरांनी स्टूल उचलून थेट आमच्या अंगणाच्या फाटकाबाहेर, जांभळीच्या झाडाखाली नेऊन ठेवला.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. मास्तरांना नोकरी लागली. त्यानंतर वर्ष-दीड वर्षाने, तळेगावच्या एका हायस्कुलात. गावाने खुर्ची बैलगाडीत घालून वाजतगाजत तळेगावला नेली. हेडमास्तर बिचारे गोंधळले. शाळेत खुर्च्या होत्या. पण त्यांनी ती ठेवून घेतली. पाय कापून बुटकी करू या, असं शाळेचा शिपाई म्हणाला, तर मास्तरांनी हात लावू दिला नाही. पायांखाली एक खोकं ठेवतात आणि बसतात. बसतात कसले, वर्गातली मुलं वाचत असली की ते मैदानाच्या टोकाला उभे असतात, कानामागे हात धरून. तळेगावच्या प्लॅटफॉर्मवर मला एकदा भेटले, पायात साध्या चपला. कनवटीला हात लावावा तसा कोटाच्या बटणाला हात लावून म्हणाले, "काय ताई, वाफ धरतेय ना?" मी म्हटलं, "धरतेय, मास्तर."

पण माझ्यापुरते सखाराम मास्तर त्या दिवसाचे आहेत, ज्या दिवशी त्यांच्याकडे अजून काहीच नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. भाताची झोडणी सुरू झाली होती. मास्तर अण्णांना म्हणाले, "आमच्या शेतावर इर्जिक आहे. सगळ्यांनी यायचं." अण्णांना मनातून त्या हॉटेलातल्या चहाची आठवण बोचत असावी, ते लगेच हो म्हणाले. खिंडीच्या पायथ्याला बैलगाडी आली होती. मास्तर बूट घालून गाडीपुढे चालत होते.

शेतात मी पहिल्यांदाच त्यांना कोटाशिवाय पाहिलं. माणसं रांगेने उभी राहून भाताच्या पेंढ्या फळीवर आपटत होती, दाणे उडत होते, आणि मास्तर त्यांच्यात होते. "ए बीए, जरा जोरात! पुस्तक न्हाई त्ये, पान उलटायला!" कोणीतरी ओरडलं. "तुझी पेंढी बघ आधी, निम्मे दाणे तिच्यातच आहेत!" मास्तर म्हणाले, आणि सगळी रांग हसली. या गावाने चार वर्षं ज्यांचं शेत केलं, ते आता एकही इर्जिक चुकवत नव्हते, असं मला आबांच्या सुनेने सांगितलं. "लावणीला तर आमच्यासंगं वाकतो. पर मागं ऱ्हातो. लय हळू हाय."

दुपारी खळ्यावर पंगत बसली. नव्या आंबेमोहराचा भात, त्याचा वास सगळ्या खळ्यावर. पाहुणे म्हणून अण्णांसाठी देवळातून खुर्ची आणली. अण्णा बसले. त्यांचे पाय अधांतरी लोंबत होते, आणि जेवता जेवता ते नकळत हलायला लागले, लहान मुलासारखे. आईने पदर तोंडाला लावला.

"बूड टेकलं का नीट, साहेब?" आबा खाली बसून म्हणाले. "आमच्या बीएनं अजून एकदाबी टेकलं न्हाई."

अण्णांचं पोट भरलं होतं, मन मोकळं झालं होतं. ते रोज जेवताना बोलत तसंच बोलले. "आबा, रागावू नका, पण ही खुर्ची वाळवीच खाणार. तुम्ही एवढं केलंत, काय मिळालं? मी तर ठरवलंय, मुलीला मॅट्रिकपुढे घालायचं नाही. तुमचा बी. ए. बघितला, पुरे झालं."

 मास्तर वाढत होते. त्यांच्या हातातली भाताची पाटी तशीच राहिली. मला अण्णांची लाज वाटली आणि त्यांची कीवही आली, कारण त्यांच्या मनात कोणाला दुखवायचं नव्हतं.

आबांनी शांतपणे घास संपवला. "खरं हाय, साहेब. मामलेदार हुईल म्हनूनच केलं. खोटं कशापाई बोलू? ह्यो सुतार तर म्हनत हुता, पयला निकाल माज्या शेताच्या वाटनीचा लावून घेतो."

"म्या कवा म्हनलं?" रघू दचकला.

"खुर्ची तासताना म्हनलास."

हसू फुटलं. आबा थांबले नाहीत. "न्हाई झाला मामलेदार. पर साहेब, ह्या सालापासनं आमी पुन्ना इर्जिक धरलीया. त्यो शिरपा बसलाय न्हवं, त्याचं पोरगं तळेगावला हायस्कुलात धाडायचंय. त्याचं शेत गाव करनार."

"पुन्हा?" अण्णांचे पाय हलायचे थांबले. "हे सगळं बघूनसुद्धा?"

"बगूनच! एका साली रोपं जळली म्हनून दुसऱ्या साली पेरायचं सोडतो का कोन? आन् जळली कुटं? ह्ये रोप हुबं हाय न्हवं, भात वाढतंया." आबांनी मास्तरांकडे बोट केलं. "साहेब, ह्यो शिकून आला आन् गावातली पोरं इचाराया लागली, आबा, मी काय हुईन? आमच्या बापजाद्यात असं कुनी इचारलं न्हवतं. काय हुयाचं त्ये ठरल्यालंच असायचं. नोकरी लागंल न लागंल, पर इचारत्यात तर!"

मग ते अण्णांकडे बघून म्हणाले, "तुमी तुमच्या पोरीला इचारलं का?"

"विचारलं होतं," अण्णा ओशाळून म्हणाले. "ती बोलत नाही फारशी."

मी बायकांच्या पंगतीत होते, अण्णांपासून बरीच लांब. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी खाली बघणार, इतक्यात मास्तरांनी पाटी जमिनीवर ठेवलेली दिसली. ते पंगतींच्या मधून चालत गेले, खळं ओलांडून, पेंढ्याच्या रचलेल्या उडव्यांच्या पलीकडे, शेताच्या पार बांधापर्यंत. तिथे वळले. इतक्या लांबून त्यांचा चेहरा नीट दिसत नव्हता. उजवा हात वर गेला आणि कानामागे थांबला एवढं दिसलं.

मी उभी राहिले, आणि त्या बांधापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाले, "मला कॉलेजात जायचंय, अण्णा! पुढं नोकरी नाही लागली, तरी जायचंय!"